एका काठीचं धनुष्य : इंग्लिश लाँगबो चालतो कसा आणि बनतो कसा

२०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे दोघंही वर्ल्ड चॅम्पियन झाले, तेव्हा आपल्याकडच्या बऱ्याच लोकांनी पहिल्यांदाच कंपाउंड बो नीट बघितला असणार, आणि हे धनुष्य आहे का मशीन असा प्रश्नही पडला असणार. प्रश्न रास्त आहे. त्याला चाकं असतात, केबल असतात, भिंग असतं, पुढं आलेल्या दांड्या असतात, आणि ती चाकं अशी बनवलेली असतात की पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार एकदम उतरतो, मूळ भाराच्या पाव किंवा तिसऱ्या हिश्शावर येतो, मग माणूस निवांत नेम धरू शकतो.

आज मी ज्याबद्दल लिहितोय तो याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. इंग्लिश लाँगबो. माणसाच्या उंचीची किंवा त्याहून लांब एकच काठी, टोकांना शिंगाच्या टोप्या, एक दोरी, बस्स. नेम धरायला काही नाही, बाण टेकवायला वेगळी जागासुद्धा नाही, बाण आपल्याच मुठीवर ठेवायचा. आणि याचा भार शेवटी उतरत नाही, उलट जितकं ओढाल तितका वाढतच जातो, त्यामुळं पूर्ण ताणून फार वेळ उभं राहता येत नाही, ओढलं की सोडायचं.

यावर जीव टाकणारे लोक जगभर आहेत आणि त्यांच्याशी बोलायला गेलं की पहिला विषय निघतो लाकडाचा, म्हणजे यू नावाच्या झाडाचा. यूचं लाकूड कसं जादूचं असतं वगैरे. लाकूड महत्त्वाचं आहेच, पण माझं मत विचाराल तर खरी करामत लाकडात नाही, वाकात आहे. चांगल्या कारागिरानं साध्या अॅशच्या लाकडातून केलेलं धनुष्य घाईघाईत तासलेल्या उत्तम यूला सहज मागं टाकेल. असं का, ते समजून घ्यायला आधी थोडं फिजिक्स बघू, घाबरू नका, शाळेतलंच आहे.

धनुष्य म्हणजे स्प्रिंग. तुम्ही हळूहळू ताकद लावून ओढता, ती ताकद लाकडात साठते, आणि सोडलं की तीच ताकद एका झटक्यात बाणाला मिळते. माणसाचा हात काही बाणाला ताशी दीडशे किलोमीटरनं फेकू शकत नाही, पण तोच हात दोन सेकंद सावकाश काम करू शकतो, आणि धनुष्य ते दोन सेकंदांचं काम क्षणात उलटं देतं. समजा ४० पाउंडाचा लाँगबो आहे. ४० पाउंड म्हणजे धनुष्याचं वजन नाही हं, धनुष्य हातात अर्धा किलोच्या आसपासच भरतं, ४० पाउंड म्हणजे साधारण २८ इंच ओढल्यावर बोटांवर येणारा भार, आपल्या हिशोबात १८ किलो. दोरी चढवलेली असताना ती मुठीपासून आधीच सहा-सात इंच लांब असते, म्हणजे प्रत्यक्ष ओढायचं अंतर उरतं २२ इंचांच्या आसपास. एवढ्यात साठते साधारण ५० ज्यूल ऊर्जा. त्यातली निम्म्याहून थोडी जास्त बाणाला मिळते, बाण ३० ग्रॅमचा धरला तर तो सेकंदाला ४० मीटरच्या आसपास जातो.

मग बाकीची ऊर्जा कुठं जाते? सगळ्यात मोठा वाटा धनुष्य स्वतःच खातं. दोन्ही लिम्ब, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग, त्यांनाही पुढं झेप घ्यायची असते ना, त्यांनाही वजन आहे. म्हणून टोकं जितकी हलकी तितका बाण जलद. मुठीजवळ थोडं लाकूड जास्त राहिलं तर फार बिघडत नाही कारण तो भाग फारसा हलतच नाही, पण टोकाजवळ तेवढंच जास्तीचं लाकूड राहिलं तर धनुष्य मंद होतं आणि हाताला झटका बसतो. यातूनच एक पक्का नियम निघतो, बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही, कधीच नाही, दुकानात नाही, फोटोसाठी नाही, लहान मुलानं हट्ट केला तरी नाही. बाणाला मिळणारी सगळी ऊर्जा मग लाकडातच परत आदळते आणि धनुष्य फुटू शकतं.

आता लाकडाकडे या. कुठलीही काठी वाकवली की बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली बाजू दाबली जाते. धनुष्यात तुमच्यापासून लांब असलेली, निशाणाकडची बाजू म्हणजे पाठ, आणि तुमच्याकडची म्हणजे पोट. पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. बहुतेक लाकडं ताण बऱ्यापैकी सोसतात पण दाबाला आधी हार मानतात, त्यामुळं धनुष्य बिघडतं ते बरेचदा पोटाच्या बाजूनं, आडव्या बारीक सुरकुत्यांसारख्या रेघा उमटतात, आणि त्या एकदा आल्या की जात नाहीत.

यूचं कौतुक इथं आहे. या झाडाच्या सालीखालचं फिकट लाकूड (सॅपवुड) ताण छान सोसतं आणि आतलं तांबूस लाकूड (हार्टवुड) दाब छान सोसतं. म्हणजे पाठीला सॅपवुडचा पातळ थर आणि बाकी सगळं हार्टवुड अशी काठी काढली की दोन वेगळी लाकडं एकत्र चिकटवल्यासारखं काम होतं, आणि चिकटवलेलं काहीच नाही, झाडानंच करून दिलेलं. शिवाय यू खूप वाकू शकतं, तुटायच्या आधी बरंच पुढं जातं. मात्र हे झाड विषारी आहे, फळाचा लाल गर सोडला तर पानं, बी, साल सगळंच, गुरांनी खाल्लं तर मरतात, म्हणून काम करताना मास्क लावायचा, भुसा नाकात जाऊ द्यायचा नाही.

लोकांचं यूवरचं प्रेम काही आजचं नाही. १९९१ मध्ये आल्प्समध्ये इटली-ऑस्ट्रियाच्या सीमेवर बर्फात जो पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस सापडला, ज्याला ओट्झी म्हणतात, त्याच्याजवळ १.८२ मीटर लांबीचं यूचं धनुष्य होतं, आणि गंमत म्हणजे ते अर्धवट होतं. तासल्याच्या खुणा अजून त्यावर आहेत, दोरी अडकवायच्या खाचाही केलेल्या नाहीत. धनुष्य बनवणाऱ्या लोकांना या एका वस्तूत जेवढा रस असतो तेवढा क्वचितच कशात असेल, कारण पूर्ण झालेल्या धनुष्यावर कारागीर हत्याराच्या खुणा पुसून टाकतो आणि इथं त्या जशाच्या तशा दिसतात. त्याहून जुनी, साधारण नऊ हजार वर्षांपूर्वीची धनुष्यं डेन्मार्कमध्ये होल्मेगार्डच्या दलदलीत मिळाली, ती मात्र एल्मची आहेत, रुंद आणि चपटी. म्हणजे यूशिवायही काम चालायचं, आणि उत्तम चालायचं.

आता बनवायचं कसं. पहिली अट म्हणजे धीर. ओंडका उभा फाडायचा, करवतीनं कापण्यापेक्षा पाचर ठोकून फाडलेला बरा, कारण फाटताना लाकूड आपल्या रेषेनंच फाटतं आणि रेषा सरळ आहे की वळलीये ते तिथल्या तिथं कळतं. मग टोकांना रंग किंवा मेण लावून ठेवून द्यायचं, नाहीतर टोकं आधी वाळतात आणि तडकतात. लाकूड मुरायला महिने लागतात, यूला लोक वर्षं देतात. शेवटी ओलावा साधारण ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान आलेला हवा. जास्त ओलं असेल तर धनुष्य वाकलं की वाकलेलंच राहतं, फार कोरडं झालं तर ठिसूळ.

मग पाठ. पाठीवर शक्यतो झाडाच्या वाढीचं एकच वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड हवं. म्हणजे मधे कुठंही हत्यार घुसून ते वलय कापलं जाता कामा नये, कारण कापलेल्या जागी धागे तुटलेले असतात आणि ताण आला की तिथूनच सालपट उचलतं. म्हणून चांगल्या हातानं केलेल्या धनुष्याची पाठ फर्निचरसारखी गुळगुळीत सपाट नसते, ती झाडाच्या मनाप्रमाणे थोडी वरखाली असते, गाठ आली तर गाठीभोवती लाकूड जरा उंच ठेवलेलं दिसतं. नवख्या माणसाला तो ओबडधोबडपणा वाटतो. यूचं सॅपवुड त्यातल्या त्यात चुका पोटात घालतं, पण बाकीच्या लाकडांत ही सूट नाही.

आणि मग टिलरिंग. सगळा खेळ इथं आहे म्हणून जरा थांबतो. टिलरिंग म्हणजे पोटाच्या बाजूनं थोडं थोडं लाकूड काढत धनुष्याला वाकायला शिकवणं, असं की दोन्ही लिम्ब सारखे वाकतील आणि एकेका लिम्बवरही प्रत्येक इंच आपापला वाटा उचलेल. पालखीच्या भोयांसारखं आहे हे, एकानं खांदा काढला की त्याचा भार शेजारच्यावर जातो आणि शेवटी बसतो तो शेजारचाच. धनुष्यात एखादा तुकडा जाड राहिला, वाकायला तयार नाही, की त्याच्या बाजूचा तुकडा दुप्पट वाकतो आणि तिथं बिजागरीसारखा कोपरा पडतो. धनुष्य तुटलं की लोक तुटलेल्या जागेला दोष देतात. मला विचाराल तर आधी त्या जागेच्या दोन्ही बाजूंना न वाकलेला भाग कुठं आहे ते बघा.

इथलं एक गणित कळलं की हातातली घाई आपोआप कमी होते. लाकडाची रुंदी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होतो, सरळ हिशोब. पण जाडी निम्मी केली तर ताठपणा आठवा हिस्साच राहतो, कारण जाडीचा परिणाम घनात होतो. उलट सांगायचं तर जाडी फक्त दहा टक्के कमी केली तरी ताठपणा पंचवीस टक्क्यांहून जास्त पडतो. वीस मिलिमीटरमधले दोन मिलिमीटर गेले की तुमचं ५० पाउंडाचं धनुष्य ३६-३७ पाउंडाचं झालं, आणि काढलेलं लाकूड परत लावता येत नाही. म्हणून शेवटी शेवटी रंधा आणि कानस बाजूला ठेवून नुसत्या स्टीलच्या पातळ पट्टीनं खरवडतात, त्याचे कागदापेक्षा पातळ पापुद्रे निघतात.

प्रत्यक्षात असं करतात. आधी धनुष्याचं एक टोक जमिनीला टेकवून हातानं दाबून बघतात, नंतर भिंतीवर किंवा खांबावर लावलेल्या लाकडी आधारावर मूठ ठेवून खालून दोरी पुलीतून ओढतात, म्हणजे लांब उभं राहून पूर्ण वाक दिसतो. पहिल्यांदा फक्त थोडंसंच ओढायचं. कुठं ताठ आहे ते बघायचं, पेन्सिलीनं खूण करायची, खाली घ्यायचं, खुणेवर थोडं खरवडायचं, परत चढवायचं आणि वीस-तीस वेळा हलकं ओढून सोडायचं (दोरी हातातून नाही सोडायची, सावकाश परत आणायची), कारण लाकडाला बदल कळायला वेळ लागतो, लगेच बघितलं तर जुनाच वाक दिसतो. असं करत इंच इंच पुढं. आणि ठरवलेल्या भाराच्या वर कधीही ओढायचं नाही, ४५ पाउंडाचं करायचंय तर वीस इंचांवरच ४५ लागले तर तिथं थांबायचं, ताकद लावून २८ इंचांपर्यंत न्यायचा मोह टाळायचा, आधी लाकूड कमी करायचं.

डोळा बसलेला नसेल तर एक मस्त युक्ती आहे. पाच-सहा इंचांचा सपाट लाकडी ठोकळा घ्यायचा, मधोमध भोक पाडून त्यात पेन्सिल घट्ट बसवायची. दोरी चढवलेल्या धनुष्याच्या पोटावर हा ठोकळा ठेवला की वाकामुळं मधे थोडी फट पडते. जिथं वाक सगळ्यात जास्त आहे तिथं पेन्सिल टेकता टेकता राहील अशी खाली करायची आणि मग ठोकळा पूर्ण लिम्बवरून सरकवायचा. जिथं लाकूड कमी वाकतंय तिथं फट कमी, तिथं पेन्सिल आपोआप रेघ मारते. रेघ आली तिथं खरवडा, रेघ नाही तिथं हात लावू नका.

खालचा लिम्ब बहुतेक कारागीर किंचित ताठ ठेवतात, कारण बाण मुठीच्या वरून जातो, मधोमधून नाही, त्यामुळं दोन लिम्बवर ताण सारखा पडत नाही. सगळं जमलं की टोकांना शिंगाच्या टोप्या बसवायच्या, बारीक दोरी थेट लाकडात रुतू नये म्हणून. ब्रिटिश लाँगबो सोसायटी आहे १९५१ पासूनची, त्यांच्या नियमांत शिंगाच्या टोप्या लागतातच आणि धनुष्याची जाडी रुंदीच्या निदान पाच अष्टमांश असायला लागते, म्हणजे सपाट पट्टी नको, गोलसर पोटाचं इंग्रजी D सारखंच हवं.

आणि गंमत अशी की हा D आकार कामगिरीच्या दृष्टीनं सर्वोत्तम नाहीच. अमेरिकेत १९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन नावाच्या फिजिसिस्टनं आणि त्याच्या मित्रमंडळींनी धनुष्यांची रीतसर मोजमापं केली, हाय-स्पीड फोटो काढले, आणि दाखवून दिलं की सपाट आयताकृती छेद असेल तर भार पोटाच्या पूर्ण रुंदीवर पसरतो, गोल पोटात मात्र सगळा दाब मधल्या कण्यावरच येतो. त्यातून अमेरिकन फ्लॅटबो पुढं आला. अॅश, हिकरी, एल्म अशा लाकडांना तर रुंद चपटा आकारच मानवतो. मग इंग्रज इतकी शतकं गोल पोट का करत राहिले? यू ते सोसतं म्हणून, आणि एका ओंडक्यातून अशा अरुंद काठ्या जास्त निघतात, हत्यारांनी पटकन तासता येतात, लढाईसाठी हजारोंनी लागतात तेव्हा हे महत्त्वाचं.

हजारोंनी म्हणजे खरंच हजारोंनी. क्रेसी १३४६, अजिंकूर १४१५, ही नावं शाळेत ऐकली असतील, फ्रान्सविरुद्धच्या या लढायांत इंग्लिश सैन्याचा मोठा भाग तिरंदाजांचाच होता. तिसऱ्या एडवर्डनं १३६३ मध्ये सुट्टीच्या दिवशी लोकांनी फुटबॉलसारखे खेळ सोडून तिरंदाजीचा सराव करावा असा हुकूम काढला. चांगलं यू बाहेरून यायचं, थंड डोंगरात हळू वाढलेलं, म्हणून १४७२ मध्ये कायदा झाला की इंग्लंडात येणाऱ्या जहाजानं मालाच्या दर टनामागं धनुष्याच्या चार काठ्या आणायच्या. एवढी मागणी की मध्य युरोपातली यूची जंगलं पार विरळ झाली.

पण या धनुष्यांची खरी ताकद किती होती हे नीट कळलं ते एका बुडालेल्या जहाजामुळं. मेरी रोझ, आठव्या हेन्रीची युद्धनौका, १९ जुलै १५४५ ला पोर्ट्समथसमोर सोलंटमध्ये बुडाली. १९८२ मध्ये ती वर काढली. गाळात हवा नसल्यामुळं लाकूड टिकलं होतं, १३७ अख्खी धनुष्यं आणि साडेतीन हजारांवर बाण मिळाले, बाण बहुतेक पॉप्लरचे. धनुष्यांची लांबी सरासरी १.९८ मीटर, म्हणजे बहुतेक माणसांपेक्षा उंच. मापं घेऊन, गणितं करून, तशीच नवी धनुष्यं बनवून अंदाज आला तो १०० ते १८५ पाउंडांचा. आज ऑलिम्पिकमध्ये पुरुष तिरंदाज साधारण ५० पाउंडांच्या आसपास ओढतात, यावरून कल्पना करा. नुसत्या दंडाच्या ताकदीनं हे होत नाही. ह्यू लॅटिमर नावाच्या बिशपनं १५४९ च्या प्रवचनात सांगितलंय की त्याच्या वडिलांनी त्याला हातानं नाही तर अख्ख्या अंगानं ओढायला शिकवलं आणि वय वाढेल तसं जास्त ताकदीचं धनुष्य दिलं. जहाजातल्या सांगाड्यांमध्ये खांद्याच्या हाडाचं टोक न जुळलेलं नेहमीपेक्षा जास्त जणांत दिसलं, लहानपणापासूनच्या तिरंदाजीमुळं ते झालं असावं असं एक स्पष्टीकरण आहे.

एवढं जड कशाला, तर जड बाण लांब पाठवायला. बाण जड असला की धनुष्याची जास्त ऊर्जा बाणात जाते, हलक्या बाणात कमी. आठव्या हेन्रीच्या १५४१ च्या कायद्यात २४ वर्षांवरच्या माणसानं २२० यार्डांपेक्षा, म्हणजे दोनशे मीटरपेक्षा, जवळच्या निशाणावर सराव करू नये असं होतं.

बाणावरून अजून एक गोष्ट, जी पहिल्यांदा ऐकताना खोटी वाटते. लाँगबोमध्ये बाण धनुष्याच्या बाजूला असतो, मधून जायला खिडकी नसते, मग सरळ जाणारी दोरी बाणाला धनुष्यावर ढकलेल आणि बाण बाजूला जायला हवा. पण जात नाही. सुटताना बाण मागून एवढा जोरात ढकलला जातो की तो वाकतो, सापासारखा वळवळत धनुष्याला वळसा घालून जातो आणि पुढं जाऊन सरळ होतो. हिकमनच्या फोटोंत हे दिसलं. म्हणून बाणाचा लवचिकपणा धनुष्याच्या भाराला जुळायला लागतो, ताठ बाण एका बाजूला जातो, फार लवचिक दुसऱ्या. लोक नेम चुकला म्हणून आपल्या हाताला शिव्या घालतात आणि चूक असते बाणात.

आपल्याकडे हे सगळं परदेशी वाटायचं कारण नाही. सातपुड्यातल्या भिलांचा तीरकामठा बांबूचा असतो आणि त्याची दोरीसुद्धा बांबूचीच चिरलेली पात असते, म्हणजे इंग्रजांच्या हेम्पच्या (भांगेच्या झाडाच्या) किंवा जवसाच्या धाग्याच्या दोरीचीही गरज नाही. बांबूत बाहेरच्या सालीजवळ धागे सगळ्यात दाट असतात, त्यामुळं तो ताण जबरदस्त सोसतो, आणि म्हणूनच इंग्लंड-अमेरिकेतले आजचे कारागीर लाँगबोच्या पाठीला बांबूची पट्टी चिकटवतात. आपल्या स्पर्धांमध्येही इंडियन राउंड नावाचा प्रकार आहे, त्यात बांबूचं किंवा लाकडाचं साधं धनुष्य वापरतात, बरीच पोरं तिथूनच सुरुवात करतात. लाँगबोची हौस असेल पण कुठून सुरू करायचं कळत नसेल तर एखाद्या क्लबमध्ये जाऊन आधी हे मारून बघा.

विकत घेणार असाल तर पहिलं धनुष्य ३०-३५ पाउंडांचं घ्या, जास्त नको, जड धनुष्यावर फक्त वाईट सवयी लागतात. पूर्ण ताणल्यावरचा फोटो मागा, समोरून नाही, बाजूनं, कुठं कोपरा पडलाय का बघायला. दोरी उतरवल्यावर काठी किती वाकलेली राहते तेही विचारा. एखाद-दोन इंच वाक राहणं नॉर्मल आहे, चार इंच म्हणजे लाकूड थकलंय. जुन्या धनुष्याला न ताणणारी मॉडर्न दोरी लावू नका, डेक्रॉनचीच लावा, ती किंचित ताणते आणि टोकांचा धक्का झेलते.

आणि मुंबई-कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात जरा जपून. हवेतला ओलावा लाकडात जातो, भार काही पाउंड कमी भरतो आणि त्या अवस्थेत खूप मारलं तर वाक कायमचा बसतो. मारून झालं की दोरी उतरवायची, कोपऱ्यात तिरकं टेकवून नाही ठेवायचं, दोन खुंट्यांवर आडवं ठेवायचं, मेण किंवा तेल लावून, आणि कारच्या डिकीत उन्हात तर मुळीच नाही.